नाशिक ते दिल्ली: 990 किलोमीटरला दोन तास का लागतात, आणि घरून कधी निघायचं

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. नाशिकचं विमानतळ ओझरला आहे; तिथून दिल्लीचं अंतर 990 किलोमीटर दाखवतात आणि विमान ताशी 800 च्या वर जातं, मग तिकिटावर जवळपास दोन तास कसे? आणि मुलीची मुलाखत दुपारी तीनला आहे, तर त्याच दिवशीचं विमान धरलं तर चालेल का?

990 हे सरळ रेषेतलं अंतर. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त उडतं. पण खरा वेळ जातो चढण्या-उतरण्यात. एअरबस 320 चा ताशी 830 च्या आसपासचा वेग वर पोचल्यावरचा असतो. 35,000 फुटांवर चढायलाच वीसेक मिनिटं लागतात आणि दिल्ली 200 किलोमीटर लांब असतानाच विमान खाली यायला लागतं. 10,000 फुटांखाली वेग 250 नॉटच्या आत, म्हणजे ताशी साधारण 460 किलोमीटरपर्यंतच ठेवावा लागतो. थोडक्यात, पूर्ण वेग मिळतो तो मधल्या पाच-सहाशे किलोमीटरलाच.

शिवाय तिकिटावरची वेळ मोजतात ती विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर उभं राहीपर्यंत. ओझरला विमानांची गर्दी नाही. दिल्लीत मात्र कधी वरच घिरट्या घालाव्या लागतात आणि उतरल्यावर टर्मिनल गाठायलाही बराच वेळ जातो. कंपन्या हे धरूनच वेळ लावतात, म्हणून कधीकधी विमान दहा-पंधरा मिनिटं आधीही पोचतं.

आता घरापासूनचा हिशोब. नाशिकरोडहून द्वारका, आडगाव करत ओझरला जायला पाऊण ते एक तास धरा, कारण द्वारकेच्या चौकाचा भरवसा नाही. बॅग द्यायचा काउंटर विमानाच्या एक तास आधी बंद होतो, म्हणून अडीच तास आधी घर सोडा. दिल्लीत बॅग घेऊन शहरात पोचायला दीड तास. म्हणजे एकूण सहा तास.

मुंबईहून जायचा विचारही करून बघा. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण पुढे भिवंडी-ठाण्यात अडकायला होतंच. तरीही मुंबईचा एक मोठा फायदा आहे: एक विमान रद्द झालं तर थोड्या वेळात दुसरं मिळतं. ओझरहून तशी सोय नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: मुलाखतीच्या दिवशीचं विमान धरू नका. ओझरहूनच जा, पण आदल्या दिवशी. डिसेंबर-जानेवारीत तर हे नक्कीच पाळा, दिल्लीच्या धुक्यात सकाळची विमानं तासन्‌तास रखडतात. रेल्वेने जायचं तर राजधानी एक्सप्रेस नाशिकरोडला संध्याकाळी मिळते आणि सकाळी निजामुद्दीनला सोडते. इतर महिन्यांत तो पर्याय उत्तम आहे, पण धुक्यात तीही उशिरा पोचते.

एक राहिलंच. विमानांची वेळापत्रकं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. मुलाखत त्यानंतरची असेल, तर तिकीट काढण्याआधी नवी वेळ बघून घ्या.