वाचक विचारतात : ऑनर सोसायटी, स्टुडंट कौन्सिल आणि आपली मुलं

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी कॅथलिक हायस्कूलमध्ये अकरावीत आहे, जीपीए (चारपैकी सरासरी गुण) ३.९. नॅशनल ऑनर सोसायटीचं (मार्क, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य पाहून हायस्कूलची मुलं निवडणारी संस्था) पत्र आलं, तिने फॉर्म भरला, पण निवड झाली नाही. तिच्यापेक्षा कमी जीपीए असलेल्या मुली निवडल्या गेल्या. दाद कुठे मागायची?

उत्तर : पत्र आलं म्हणजे मार्कांची अट पूर्ण झाली, एवढंच. राष्ट्रीय पातळीवर ही अट ३.० जीपीएची आहे. शाळेला ती वाढवता येते, कमी करता येत नाही. नववीपासूनचा एकत्रित जीपीए धरला जातो. ती अट ओलांडली की ३.६ आणि ३.९ सारखेच. त्यानंतर पाहतात ते सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य.

निर्णय प्राचार्यांनी नेमलेले पाच शिक्षक बहुमताने घेतात. सोसायटीचं काम पाहणारे अ‍ॅडव्हायझर बैठकीला बसतात, पण त्यांना मत नसतं. या पाचांपैकी एकानेही तुमच्या मुलीला शिकवलेलं नसेल, असं सहज होऊ शकतं. मग त्यांच्यापुढे तिचा फॉर्म एवढाच काय तो पुरावा. चांगली मुलं मागे पडतात ती बहुतेक वेळा याच कागदावर, आणि याचं फार वाईट वाटतं, कारण काम केलेलं असतं. ते लिहिलेलं नसतं.

उदाहरण घ्या. 'मराठी शाळेत मदत केली' या ओळीतून शिक्षकांना काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा : 'सप्टेंबर ते मे, दर रविवारी दीड तास, सात-आठ वर्षांच्या नऊ मुलांना मराठी अक्षरं शिकवली, एकूण २८ रविवार, ४२ तास.' पुढे मराठी शाळेच्या संचालकांची सही आणि फोन. संचालक घरातले नकोत. आईची सही असलेले तास सहसा बाद होतात. पगार घेऊन केलेलं काम सेवेत बसत नाही. सहीसाठी मे महिन्यात धावाधाव करू नका, दर महिन्याला घ्या.

नेतृत्वाच्या रकान्यात सभासदत्वांची यादी देऊन भागत नाही. इतरांकडून काम करून घेण्याची जबाबदारी कुठे होती, ते हवं. गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत उभी राहिली, ही सेवा. त्याच रांगेसाठी बारा मुलांच्या पाळ्या लावल्या आणि दोघं आली नाहीत तेव्हा बदली माणसं उभी केली, हे नेतृत्व.

चारित्र्याच्या बाबतीत शाळेतली नोंद बोलते : वारंवार उशीर, डिटेन्शन (शिक्षा म्हणून शाळेत थांबवून ठेवणं), गृहपाठाची नक्कल. अशी नोंद असेल तर मुलीशी मोकळेपणाने बोला.

आता दाद. सोसायटी चालवणारी मुख्याध्यापकांची राष्ट्रीय संघटना वैयक्तिक निवडीवरच्या तक्रारी ऐकत नाही, तेव्हा तिथे ईमेल पाठवून उपयोग नाही. आधी अ‍ॅडव्हायझरना भेटा, मग प्राचार्यांना. फॉर्म मुदतीत पोचला का, सगळी पानं होती का, तास बरोबर मोजले गेले का, एवढंच विचारा. अशी चूक निघाली तर प्राचार्य फेरविचार करायला सांगू शकतात. 'अमकीची निवड कशी झाली?' हा प्रश्न मात्र विचारू नका. शिक्षकांची चर्चा गोपनीय असते आणि बोलणं तिथेच थांबतं. बारावीच्या मुलांचाही विचार होतो, त्यामुळे पुढच्या वर्षी तिला संधी आहे.

प्रश्न : मुलाला कॅथलिक शाळेत स्टुडंट कौन्सिलच्या (मुलांनी निवडलेलं विद्यार्थी मंडळ) खजिनदारपदासाठी उभं राहायचं आहे. आम्ही हिंदू आहोत. अडचण येईल का?

उत्तर : बहुतेक कॅथलिक शाळा इतर धर्मांच्या मुलांना निवडणूक लढवू देतात. तरीही शाळेच्या हँडबुकातली, म्हणजे नियमपुस्तिकेतली, पात्रतेची अट आधी वाचा. खासगी शाळेत हँडबुकाला फार वजन असतं. बैठक प्रार्थनेने सुरू होते, तेव्हा त्याने शांतपणे उभं राहावं. मासच्या, म्हणजे कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेच्या, वेळी कम्युनियन (तिथे दिली जाणारी पवित्र भाकरी) घ्यायचं नाही. जागेवर बसून राहावं किंवा शाळेत तशी पद्धत असेल तर छातीवर हात दुमडून पुढे जावं, फादर आशीर्वाद देतात.

ऑनर सोसायटीत शिक्षक निवडतात, इथे मुलं मत देतात. पण मॉडरेटर, म्हणजे कौन्सिलचं काम पाहणारे शिक्षक, उमेदवाराचं भाषण आधी वाचतात, आणि युनिफॉर्म, मोबाइल किंवा फी बदलण्याचं वचन दिसलं तर ते काढायला सांगतात. कौन्सिलच्या हातात नाही ते बोलूच नये. खजिनदाराने पैशांवर बोलावं.

त्या पैशांचं काम खरोखर जोखमीचं आहे. समजा, डान्सची २० डॉलरची १५० तिकिटं विकली. पेटीत ३,००० डॉलर हवेत आणि निघाले २,९४०. तिकिटांवर क्रमांक असतील आणि कोणी कोणती विकली याची नोंद असेल तर ती तीन तिकिटं सापडतात. नसेल तर संशय सगळ्यांवर. म्हणून रोकड दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची, त्याच दिवशी ऑफिसात जमा करायची. रात्रभर दप्तरात ठेवायची नाही. आणि खरेदीची मंजुरी आधी, खरेदी नंतर. उत्साहात स्वतःच्या पैशांनी फुगे आणणाऱ्या मुलाला ते पैसे परत मिळतीलच असं नाही.

प्रश्न : देवळात केलेल्या सेवेचे तास शाळा धरते का?

उत्तर : गरजू माणसांसाठी केलेलं काम, म्हणजे अन्नदान किंवा कपडे गोळा करणं, बहुधा धरतात. पूजेची तयारी, आरती बहुधा धरत नाहीत. अनेक कॅथलिक शाळांत हायस्कूल पूर्ण करण्यासाठी सेवेचे तास सक्तीचे असतात. तेच तास ऑनर सोसायटीसाठीही चालतात का, हे प्रत्येक शाळा वेगळं ठरवते. काम सुरू करण्याआधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.