गाईंची झुंज? खरंच?

प्रश्न: स्वित्झर्लंडमध्ये गाईंची झुंज लावतात म्हणे, हे क्रूर नाही का? माणसं भडकवतात का त्यांना?

उत्तर: भडकवायची गरजच नसते हो! वाले (Valais) नावाच्या स्विस भागातल्या एरांस जातीच्या गाई, काळ्या-तपकिरी, बुटक्या पण अंगाने दणकट, उन्हाळ्यात डोंगरातल्या कुरणावर गेल्या की कळपात मोठी कोण हे आपापसातच ठरवतात. स्पर्धेत तेच, फक्त रिंगणात, शिंगांची टोकं बोथट केलेली, अंगावर पांढरा नंबर. आधी खुरांनी माती उकरतात, मग कपाळाला कपाळ लावून रेटारेटी, आणि जी पाठ फिरवून निघाली ती हरली. जखमा क्वचितच. कित्येकदा तर दोघी नुसत्या चरत उभ्या राहतात, प्रेक्षक बसलेत ताटकळत! जिंकणारीला 'राणी' म्हणतात.