आधी उतारा, मग तक्ता

मॅडम, नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवताना पहिल्याच आठवड्यात टेन्सचे तक्ते पाठ करायला लावू नका. माझी मुलं तक्ता घडाघडा म्हणायची आणि वाक्य लिहिताना अडायची. आठ-दहा ओळींचा उतारा घ्या, व्याकरण त्यातूनच काढा.

मराठी माध्यमाच्या मुलांच्या चुका कुठून येतात ते बघा. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन तासांपासून’, दोन्हीकडे आपल्याकडे ‘पासून’च, म्हणून ती सगळीकडे ‘सिन्स’ लावतात. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. सुरुवात कधी झाली ते सांगितलं की ‘सिन्स’, किती वेळ ते सांगितलं की ‘फॉर’. ‘अ’ आणि ‘द’ ही आर्टिकल्स तर मराठीत नाहीतच. तिथे वेळ लागणार, रागावू नका.

वाचताना प्रत्येक ‘इट’ आणि ‘दे’भोवती गोल करायला सांगा आणि तो शब्द ज्याच्याबद्दल आलाय तिथपर्यंत बाण काढू द्या. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त फरक याने पडला. अनोळखी शब्दाचा अर्थ लगेच देऊ नका, आधी अंदाज बांधू द्या. चुकला तरी चालेल. आणि उत्तर म्हणून उताऱ्यातली ओळ जशीच्या तशी उतरवली असेल, तर वही परत द्या, प्रश्न पुन्हा मोठ्याने वाचायला लावा.