खंडहर, भग्नावशेष आणि जिरलेला मठ

प्रश्न आला आहे तो असा: जर्मन चित्रकार कास्पार दाविद फ्रीडरिश याच्या ‘ओकवनातील मठ’ (१८०९-१०) या चित्रावर मराठीत लिहायचं आहे, तर त्यातल्या वास्तूला ‘खंडहर’ म्हणावं की ‘भग्नावशेष’?

‘खंडहर’ नकोच! तो हिंदी शब्द, खंड अधिक घर. पडका वाडा, पडकी गढी, पडकं देऊळ असं सगळं घरात असताना हा शब्द उसना का आणायचा, हे मला अजून कळलेलं नाही. हल्ली तर रोज कानावर पडतो.

‘भग्न’मध्ये ‘भञ्ज्’ धातू आहे, म्हणजे मोडणं. मोडायला कुणीतरी लागतो. ज्या खऱ्या पडक्या मठावरून हे चित्र सुचलं, त्या उत्तर जर्मनीतल्या एल्डेना मठाला तसे लाभलेही: सतराव्या शतकातल्या ‘तीस वर्षांच्या युद्धा’त त्याची नासधूस झाली, पुढे त्याच्या विटा जवळच्या ग्राइफ्सवाल्ड शहराच्या तटबंदीला गेल्या. पण फ्रीडरिशला त्या हातांशी कर्तव्य नाही. त्याला काळ रंगवायचा होता.

काळासाठी शब्द आहे ‘जीर्ण’. मूळ धातू ‘जॄ’, म्हातारं होणं. जरा, जर्जर त्याचीच पोरं. आणि आपलं ‘जिरणं’सुद्धा! पाणी जमिनीत जिरतं, अन्न पोटात जिरतं, जिरलं नाही की अजीर्ण, आणि तोऱ्यात मिरवणाऱ्याची जिरते तीही इथलीच. म्हणजे जीर्ण वास्तू ही नुसती जुनी नव्हे, काळाच्या पोटात जिरत चाललेली. आता चित्र पाहा. खालचा भाग तपकिरी अंधारात बुडालेला, बर्फात कलंडलेले क्रूस, शवपेटी घेऊन दारातून आत जाणारे इवलेसे साधू, आणि वर एक उंच, रिकामी खिडकी तेवढी फिकट उजेडात उरलेली. मठ धुक्यात जिरतो आहे.

‘जीर्ण म्हणजे फक्त जुनं, ते वस्त्रालाच शोभतं’ असं सांगणारे विद्वान आहेत. त्यांनी ‘वासांसि जीर्णानि’ पाठ केलं आणि तिथेच थांबले. अजीर्ण झालेल्या माणसाला एकदा भेटायला हवं होतं.

बाकी, याच एल्डेनाच्या सुमारे १८२५च्या चित्रात पडक्या भिंतींना टेकून एक छोटं घर आहे, राहतं. त्याला जीर्ण म्हणवत नाही. तिथे मात्र ‘पडका मठ’ लिहा.