मोबाईलमधला छोटा जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर, थोडक्यात जायरो) उपग्रहाची दिशा सांभाळू शकतो का? मग मोठे, महागडे जायरो कशाला लावतात?

सांभाळतो, पण एकट्याच्या भरवशावर नाही. एका छोट्या उपग्रहाच्या नियंत्रणावर काम करताना मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर टेबलावरच मिळालं.

जायरोची चिप अगदी स्थिर ठेवली, तरी ती म्हणत होती की मी हळूहळू फिरतेय. खोली तापली की आकडा बदलायचा. आणि पृथ्वी खरोखरच ताशी १५ अंश फिरते, ते मात्र तिला त्या गोंगाटात दिसत नव्हतं! या खोट्या फिरण्याला बायस म्हणतात. चिपमध्ये चाक नसतं. सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा सतत थरथरत असतो आणि चिप वळली की कोरिऑलिस परिणामामुळे (फिरत्या वस्तूत हलणारी गोष्ट बाजूला सरकते, त्यामुळे) तो किंचित आडवाही हलतो. हे हलणं इतकं नगण्य असतं की तापमान, चिपच्या आवरणावरचा ताण, सगळं त्यात मिसळतं.

समजा, बायस ताशी १० अंश आहे. पृथ्वीच्या सावलीत, म्हणजे सूर्यावरून दिशा तपासता येत नाही त्या ३५ मिनिटांत जवळपास ६ अंशांची चूक साचते. साध्या अँटेनाला ती खपेल, कॅमेऱ्याला नाही. म्हणून स्टार ट्रॅकर ताऱ्यांवरून दिशा सांगतो आणि कालमन फिल्टर (वेगवेगळी मोजमापं जुळवणारं गणित) बायसचा अंदाज घेऊन तो वजा करत राहतो. ट्रॅकरच्या दोन नोंदींमधली पोकळी जायरो भरतो. हबलसारख्या दुर्बिणीला मात्र एवढ्यावर भागत नाही, तिच्या जायरोतली चाकं मिनिटाला १९,२०० फेरे घेतात.

जायरोच्या जोडीचा प्रवेगमापक (वेगातला बदल मोजणारा सेन्सर) कक्षेत जवळजवळ शून्यच दाखवतो, कारण तो उपग्रहासोबतच पडत असतो. थ्रस्टर (उपग्रहाला ढकलणारी छोटी इंजिनं) पेटले की त्याचा उपयोग.

२०२१ साली मंगळावर उडालेल्या नासाच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये मोबाईलच्या दर्जाचाच बॉशचा सेन्सर होता. उड्डाणं तीन मिनिटांच्या आतली आणि खाली बघणारा कॅमेरा चूक सुधारायला हजर, म्हणून जमलं. २०२२ मध्ये कलमापक बिघडला, तर उड्डाणापूर्वीचा कल मोजण्याचं कामही याच सेन्सरच्या प्रवेगमापकांवर सोपवलं. एकूण ७२ उड्डाणं झाली.

उलट बाजूही सांगतो. २०१६ मध्ये जपानच्या हितोमी उपग्रहावर चिपचा जायरो नव्हता, तरी स्टार ट्रॅकरच्या नोंदी खंडित झाल्या आणि बायसचा चुकीचा अंदाज तसाच राहिला. स्थिर उपग्रहाला वाटलं, आपण ताशी २१.७ अंश फिरतोय. नसलेलं फिरणं थांबवायला रिअॅक्शन व्हील (उपग्रह वळवणारी आतली चाकं) झटले आणि उपग्रह खरंच फिरू लागला. पुढे थ्रस्टरच्या चुकीच्या सेटिंगची भर पडली आणि तो तुटला.