कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा: आदेश निघाल्यावर पुढे काय?

भाऊ, तुमच्या चुलतबहिणीची हकीकत वाचली. लग्न करून सुरतेला उधन्यात नांदायला गेलेली मुलगी रोजच्या मारहाणीला कंटाळून लेकरांसह अमळनेरला माहेरी आली आहे. घर सासूच्या नावावर असल्यामुळे तिचा तिथे हक्क नाही, असे सासरचे म्हणतात आणि समाजातील वडीलधारी मंडळी बैठक घेऊन मिटवायला सांगत आहेत. परदेशात पोलीस त्याच दिवशी नवऱ्याला घराबाहेर काढतात, मग आपलाच कायदा इतका दुबळा का, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाशी तुमच्या मेहुणीचे लग्न ठरत आहे, तिला तिथे कोणते संरक्षण मिळेल, हाही तुमचा प्रश्न आहे. तालुका विधी सेवा समितीच्या कामात असे अर्ज मी बरीच वर्षे पाहत आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या कायद्याचा मजकूर पुष्कळ देशांच्या मजकुरापेक्षा सरस आहे, असे माझे मत आहे. तो अडतो आदेश निघाल्यानंतर, आणि नेमक्या याच जागी पुढारलेले म्हणवणारे देशही अडलेले आहेत.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये मारहाणीबरोबरच लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. स्त्रीधन अडकवून ठेवणे आणि घरखर्चाला पैसे न देणे ही कायद्याच्या दृष्टीने हिंसाच आहे. इंग्लंडने आर्थिक छळाला कायद्यातील व्याख्येत जागा दिली ती २०२१ साली. चीनचा कायदा १ मार्च २०१६ पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत शारीरिक आणि मानसिक छळ आहे, पण लैंगिक आणि आर्थिक छळाचा उल्लेख नाही.

आता घराविषयी. सासरचे लोक सांगतात ते एके काळी खरे होते. २००६ च्या एस. आर. बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की सासूच्या मालकीच्या घरावर सुनेला राहण्याचा हक्क सांगता येत नाही. तो निकाल १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीश चंदर आहुजा प्रकरणात त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी रद्द ठरवला. मालकी सासूची असो वा सासऱ्याची, सून जिथे संसार करून राहिली ते सामायिक घर ठरू शकते आणि तिथून तिला कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. मात्र हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. त्यातही एक त्रुटी आहे: कलम १९ खाली न्यायालय नवऱ्याला घराबाहेर काढू शकते, पण घरातल्या कोणत्याही स्त्रीला काढू शकत नाही. त्रास प्रामुख्याने सासूकडून असेल आणि घरही सासूचेच असेल, तर त्या घरात परत जाण्याचा आदेश मिळवून फारसे साधत नाही. अशा वेळी त्याच कलमाखाली दुसऱ्या घराची सोय किंवा भाडे मागणे शहाणपणाचे ठरते.

कायद्यात वेळेचे बंधनही आहे. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी, नोटीस दोन दिवसांत किंवा न्यायालय वाढवून देईल तेवढ्या वाजवी मुदतीत बजावावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात काय होते ते सांगते. नोटीस सुरतेच्या पत्त्यावर जाते आणि 'घर बंद' किंवा 'इसम मिळून आला नाही' असा शेरा मारलेला लिफाफा परत येतो. पत्ता भाड्याच्या खोलीचा असतो आणि नवरा एव्हाना गल्ली बदलून गेलेला असतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात तर हंगाम संपेपर्यंत नोटीस लागतच नाही. नोटीस एकदाची लागली की खावटीचा प्रश्न येतो. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर दोन्ही पक्षांनी मिळकत आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. आमच्या रावेर-यावलकडच्या प्रकरणांत ते कसे भरले जाते ते पाहण्यासारखे आहे. केळीची बाग डोळ्यांसमोर उभी असते, पण सातबारा सासऱ्याच्या किंवा आजेसासऱ्याच्या नावावर असतो, व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, दिराच्या नावाने फाटते, पैसे त्याच्याच खात्यात जमा होतात आणि नवरा प्रतिज्ञापत्रात व्यवसाय 'शेतमजुरी' असा लिहितो. त्या एका शब्दाने बाईची खावटी निम्म्याहून खाली येते. म्हणून सुनेने घरातून निघताना, शक्य असेल तर, पट्टीचा किंवा कारखान्याच्या पगारपत्रकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, असे मी प्रत्येकीला सांगते.

हे सगळे पाहण्यासाठी कायद्याने संरक्षण अधिकारी नेमला आहे. घटनेचा अहवाल तयार करणे, अर्ज न्यायालयात पोचवणे, नोटीस बजावणे, वैद्यकीय तपासणी आणि निवारा मिळवून देणे ही त्याची कामे आहेत. पण या पदाचा भार वर्षानुवर्षे दुसऱ्या कामात बुडालेल्या अधिकाऱ्यांवर अतिरिक्त म्हणून टाकला गेला, आणि एकाच माणसाला तालुकाभर फिरून नोटिसा बजावणे आणि अहवाल लिहिणे जमण्यासारखे नव्हतेच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना बजावावे लागले की जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास खात्यातील अधिकारी संरक्षण अधिकारी म्हणून नेमा. कायदा लागू झाल्यावर इतक्या वर्षांनी असा आदेश द्यावा लागतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

तुमच्या तुलनेकडे वळते. पोलिसांनी त्याच दिवशी नवऱ्याला बाहेर काढणे ही पद्धत ऑस्ट्रियाने १९९७ पासून सुरू केली, आणि तिचे कौतुक करावेच लागेल. तिथे धोका दिसला तर पोलीस अधिकारी न्यायालयाची वाट न पाहता छळ करणाऱ्याला घराबाहेर काढतो आणि सध्या दोन आठवडे त्याला तिथे फिरकता येत नाही. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की पहिल्या तीन दिवसांत पोलिसांनी किमान एकदा जाऊन तो खरेच बाहेर आहे का हे तपासायचे असते. आदेश बजावण्याचे काम बाईच्या गळ्यात पडत नाही. इंग्लंडमध्ये २०१४ पासून पोलीस छळ करणाऱ्याला घराबाहेर राहण्याची नोटीस देतात. अठ्ठेचाळीस तासांत प्रकरण न्यायालयापुढे जाते आणि चौदा ते अठ्ठावीस दिवसांचा आदेश मिळू शकतो. आपल्याकडे पोलिसांना या कायद्याखाली असा स्वतःचा अधिकार नाही. ही आपल्या कायद्यातली खरी उणीव आहे.

पण परदेश म्हणजे सगळे ऑस्ट्रिया नव्हे. अमेरिकेत महिलांवरील हिंसाचाराविरुद्धचा केंद्रीय कायदा १९९४ पासून आहे. जून १९९९ मध्ये कोलोरॅडो राज्यातील कॅसल रॉक या गावी जेसिका गोन्झालेस यांच्या हातात विभक्त नवऱ्याविरुद्धचा न्यायालयाचा मनाई आदेश होता आणि तो मोडणाऱ्याला अटक करावी, अशी पोलिसांसाठीची सूचना त्याच्या मागच्या बाजूला छापलेली होती. संध्याकाळी नवऱ्याने अंगणातून त्यांच्या तीन मुलींना नेले. त्या पोलिसांना फोन करत राहिल्या, मध्यरात्रीनंतर स्वतः ठाण्यात गेल्या, आणि दर वेळी त्यांना थांबायला सांगण्यात आले. पहाटे तीनच्या सुमारास नवरा बंदूक घेऊन ठाण्यासमोर आला, गोळीबारात मेला, आणि त्याच्या गाडीत तिन्ही मुलींची प्रेते सापडली. २००५ मध्ये, म्हणजे आपला कायदा संमत झाला त्याच वर्षी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवले की मनाई आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा घटनात्मक हक्क त्या आईला नव्हता. आंतर-अमेरिकन मानवी हक्क आयोगाने २०११ मध्ये अमेरिकेला दोषी ठरवले, पण आयोगाच्या शिफारशीने तो निकाल बदलत नाही. आदेश मिळाला म्हणजे काम झाले, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे प्रकरण सांगते.

काही देश तर मागे गेले. रशियाने फेब्रुवारी २०१७ मध्ये घरातली पहिली मारहाण, गंभीर इजा झाली नसेल तर, फौजदारी गुन्ह्यातून काढून दंडावर किंवा थोड्या दिवसांच्या कोठडीवर आणली. तो दंड पुष्कळदा त्याच घराच्या खर्चातून भरला जाणार, हे उघड आहे. तुर्कस्तानने महिलांवरील हिंसाचाराविरुद्धचा युरोपातील इस्तंबूल करार सर्वांत आधी मान्य केला आणि १ जुलै २०२१ पासून त्यातून अंग काढून घेतले. उलट ब्राझीलने, नवऱ्याच्या गोळीने १९८३ मध्ये अपंग झालेल्या मारिया दा पेन्या यांच्या दीर्घ लढ्यानंतर, २००६ मध्ये त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा केला आणि अशा खटल्यांसाठी स्वतंत्र न्यायालयांची तरतूद केली.

आपल्या मजकुरातले सर्वांत मोठे छिद्र मात्र झाकून चालणार नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने १९९१ मध्ये आणि नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केले की नवऱ्याने केलेला बलात्कार हा बलात्कारच आहे. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत अपवाद कायम आहे. दिवाणी स्वरूपाच्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळ हे हिंसेचे कारण म्हणून मांडता येते, पण त्याचा गुन्हा दाखल होत नाही. अर्ज लिहिताना बायका हा भाग शेवटपर्यंत सांगत नाहीत, आणि सांगितल्यावर त्याला शिक्षा होईल का असे विचारतात, तेव्हा द्यावे लागणारे उत्तर मला आजही जड जाते.

तुमच्या मेहुणीविषयी. मुलगा नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असेल तर ती एच-४ व्हिसावर जाईल, आणि तिचा तिथला मुक्काम नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला असेल. घटस्फोट झाला की तो आधार संपतो. छळ झालेल्या पत्नीला नवऱ्याच्या मदतीशिवाय कायम वास्तव्याचा अर्ज करण्याची जी सोय अमेरिकेच्या कायद्यात आहे, ती नागरिकांच्या आणि ग्रीन कार्डधारकांच्या पत्नींसाठी आहे. गुन्ह्याच्या बळींसाठी यू व्हिसा आहे, पण मूळ अर्जदारांसाठी त्याची मर्यादा वर्षाला दहा हजार आहे आणि रांग फार मोठी आहे. तरीही मनाई आदेश मागायला किंवा ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायला व्हिसा कोणता आहे हे आड येत नाही, एवढे तिला जाण्याआधी स्पष्ट सांगा. पासपोर्ट, व्हिसा आणि विवाह नोंदणीच्या प्रती माहेरी ठेवा. नवऱ्याने तिकडे एकतर्फी घटस्फोट घेतला, तर तो आपल्याकडे आपोआप मान्य होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या नरसिंह राव प्रकरणात सांगितले आहे.

बैठकीविषयी माझे मत कडक आहे. वडीलधाऱ्यांनी समजूत घालण्याला माझा विरोध नाही, पण बैठकीत ठरलेले मोडले तर कोण काय करणार, याचे उत्तर कोणाकडेच नसते. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहिलेली फारकत, समाजात तशी जुनी रूढी असल्याचे न्यायालयात सिद्ध होत नसेल तर, कायद्याने घटस्फोट नाही. धडगाव-अक्कलकुवा भागातल्या आदिवासी भगिनींची अडचण आणखी वेगळी आहे: तिथे पंच देज, म्हणजे लग्नात मुलीच्या बापाला मिळालेले वधूमूल्य, परत करायला लावून प्रकरण मिटवतात आणि बाईच्या बापावरच पैशांचा बोजा येतो. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, म्हणून पुष्कळांना वाटते की हिंसाचाराचा कायदाही त्यांच्यासाठी नाही. तो सर्वांसाठी आहे.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करायचे. बहीण अमळनेरला राहत आहे, म्हणून अर्ज अमळनेरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. सुरतेला जाण्याची गरज नाही. क्रूरतेचा गुन्हाही, पूर्वीच्या दंड संहितेचे ४९८-अ आणि आताच्या न्याय संहितेचे कलम ८५, २०१९ च्या रूपाली देवी निकालानुसार माहेरच्या ठाण्यात नोंदवता येतो. पण गुन्हा नोंदला की लगेच अटक होईल, अशी अपेक्षा ठेवू नका. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर पोलिसांना अटकेचे कारण दाखवावे लागते. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे या. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अंगावर वळ असतील तर सरकारी दवाखान्यातून आजच नोंद करून घ्या, वळ फिके पडल्यावर नव्हे. अर्जाबरोबर कलम २३ खाली अंतरिम आदेश मागा, खावटी अर्जाच्या तारखेपासून मागा आणि स्त्रीधनाची यादी वस्तूवार जोडा. संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे; खावटी थकवली तर हे कलम लागते की नाही यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत, म्हणून खावटीसाठी वसुलीचा वेगळा अर्ज लागेल. नवरा सुरतेच्या कारखान्यात पगारावर असेल, तर कलम २० खाली मालकालाच परस्पर रक्कम भरायला सांगता येते, ती मागणी सोडू नका.

आणि एक गोष्ट वकिलांनाही आठवण करून द्या. आदेश देशभर लागू असतो, पण कलम २४ प्रमाणे त्याची प्रत ज्या न्यायालयात अर्ज झाला त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला जाते, म्हणजे अमळनेरला. नवरा राहतो त्या सुरतेच्या ठाण्याला ती आपोआप जात नाही. म्हणून तिथल्या ठाण्याचे नाव घालून प्रत पाठवण्याची विनंती अर्जातच करा, आणि आदेश निघाल्यावर त्याची सहीशिक्क्याची प्रत कोणीतरी सोबत नेऊन त्या ठाण्यात द्या व दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.