जहाजाचं वजन कमी करायला पत्राच पातळ का करत नाहीत?

करतात की, पण सगळीकडे नाही. नागपुरात असाल तर कूलरकडे बघा. सपाट पत्रा बोटानं दाबला की 'टक्क' करून आत जातो; जिथे घडी मारलीय, तिथे तोच पत्रा ढिम्म. जहाज लाटेवर लांबीत वाकतं. मध्यभाग वर उचलला की तळ दाबला जातो, खाली झुकला की डेक. पातळ पत्रा अशा वेळी तुटण्याआधीच दाबानं वाकून दुमडतो. म्हणून लांबीच्या दिशेनं पट्ट्या वेल्ड करतात. जोसेफ इशरवूड या ब्रिटिश जहाजरचनाकारानं या रचनेचं पेटंट १९०६ साली घेतलं. मग पत्रा पातळ चालतो, आणि दर मिलिमीटरमागे चौरस मीटरला जवळपास ७.८५ किलो वाचतात. टोकांकडे वाकवणारा जोर कमी, तिथे जाडी आणखी उतरवतात.

'मग जास्त ताकदीचं पोलाद वापरा ना!' इथेच बरेच जण फसतात. साध्या पोलादाची ताकद २३५ मेगापास्कल (ताण मोजायचं एकक), जास्त ताकदीच्याची ३५५; पण दोघांचा ताठपणा सारखाच! त्यामुळे पत्रा पातळ केला की पट्ट्या एकमेकींच्या जवळ घ्याव्या लागतात, वेल्डिंग वाढतं, आणि पुढेमागे तडे बहुतेक त्या सांध्यांतच जातात.